कोर्दोबाची मेस्किता: मशिदीच्या पोटात कॅथेड्रल

धागाकर्ता: अर्धा कप

गेल्या मार्चमध्ये लेकीकडे माद्रिदला महिनाभर मुक्काम होता. नातू शाळेत, लेक-जावई ऑफिसात, आम्ही दोघं मोकळेच. एक दिवस रेल्वेनं कोर्दोबाला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहीत नाही, ती आंजावर पोत्यानं पडली आहेत. पण तिथली एक इमारत डोक्यातून जाईना. परत आल्यावर तीन महिने तिच्याबद्दल वाचत बसलो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते पचणार नाही, म्हणून हा धागा.

इमारत म्हणजे मेस्किता. आठव्या शतकातली मशीद, तेराव्या शतकापासून चर्च. आधी अंगण लागतं, त्यात रांगेनं संत्र्याची झाडं. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारान्हा' म्हणतात. आपलं नारिंग फारसी-अरबी वळसा घालून तिथं पोचलंय. अंगणातून आत गेलात की डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही कळत नाही, आणि मग खांब दिसायला लागतात. साडेआठशेच्या वर खांब. त्यांवर लाल वीट-पांढरा दगड अशा पट्टेरी कमानी, त्या कमानींच्या डोक्यावर आणखी कमानी. बायको म्हणाली, "हुरड्याला आलेल्या ज्वारीत शिरल्यासारखं वाटतंय." यापेक्षा नेमकं वर्णन मला पुस्तकांतही सापडलं नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर खांब एका मापाचे नाहीत. कुणी गुळगुळीत, कुणी पीळ दिलेला, कुणाचा माथा नक्षीदार तर कुणाचा ओबडधोबड. जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुसलमानांच्या आधीचे इथले राज्यकर्ते) इमारतींचे खांब काढून आणून बसवलेत. आखूड पडला त्याला खाली उंचवटा दिला, लांब होता तो जमिनीत उतरवला.

आणखी आत गेलं की मिहराब, नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. भोवती सोनेरी काचांचं बारीक जडावकाम, त्यात कुराणातली वचनं. हे काम केलं कुणी? दहाव्या शतकात कोर्दोबाचा खलिफा दुसरा अल्-हकम यानं कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडे कारागीर मागितला. सम्राट निकेफोरस फोकासनं कारागीर तर दिलाच, वर काचेच्या तुकड्यांचा मोठा साठाही धाडला. आता गंमत बघा. हाच निकेफोरस त्याच वर्षांत पूर्वेला सिरियात मुसलमान सत्तांकडून शहरामागून शहर हिसकावत होता. एका हातानं मशिदी घेतोय, दुसऱ्या हातानं मशिदीला काच पुरवतोय. कारण बगदादचा खलिफा या दोघांचाही वैरी.

आणि या ज्वारीच्या रानाच्या मधोमध, छप्पर फाडून वर उसळल्यासारखं, अख्खं कॅथेड्रल उभं आहे. पांढरंशुभ्र, उंच, कोरीव. १२३६मध्ये कास्तीलचा ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो यानं शहर घेतलं तेव्हा मशिदीचं चर्च झालं, पण इमारत जवळजवळ तशीच राहिली. हे मधलं बांधकाम १५२३चं. त्याला सगळ्यांत कडाडून विरोध केला तो शहराच्या ख्रिस्ती नगरमंडळानं. मशिदीला हात लावणाऱ्या कामगाराला देहदंड देऊ, इथपर्यंत मजल गेली. शेवटी सम्राट पाचव्या चार्ल्सनं चर्चच्या बाजूनं कौल दिला. पुढे स्वतः येऊन पाहिल्यावर तो हळहळला, 'कुठंही बांधता आलं असतं असं काहीतरी बांधण्यासाठी जगात कुठंच नव्हतं ते मोडलंत', असं म्हणाला, अशी दंतकथा आहे. परवानगी त्याचीच होती, हे दंतकथेत येत नाही.

घंटांचा किस्सा तर सांगायलाच हवा. ९९७मध्ये कोर्दोबाचा वजीर अल्-मन्सूर थेट वायव्येच्या टोकाला जाऊन सांतियागो दे कोम्पोस्तेला लुटून आला. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणल्या आणि मशिदीत उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. १२३६मध्ये फर्नांदोनं त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत सांतियागोला पाठवल्या. मधे दोनशे एकोणचाळीस वर्षं. हिशेब चोख ठेवला होता.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोनच कहाण्या ऐकू येतात. एक, अंदालूस, म्हणजे मुसलमानी अमलाखालचा स्पेन, हे तीन धर्मांचं सोन्याचं घरटं. दुसरी, ७११मध्ये तारिक बिन झियाद सामुद्रधुनी ओलांडून आला तेव्हापासून १४९२ला ग्रानादा पडेपर्यंत सलग पावणेआठशे वर्षं धर्मयुद्ध. मला वाचताना तिसरीच माणसं दिसत राहिली. ज्यांनी किंवा ज्यांच्या बापजाद्यांनी धर्म बदलला, आणि मग ज्यांच्यावर दोन्हीकडच्यांनी विश्वास ठेवला नाही, ती माणसं.

त्यातला पहिला उमर बिन हफ्सून. घराणं मूळचं स्थानिक ख्रिस्ती, काही पिढ्यांपूर्वी मुसलमान झालेलं. नवमुस्लिमांना अरब सरदार बरोबरीची वागणूक देत नव्हते, कर मात्र रगडून घेत होते. हा गडी ८८०च्या सुमारास बोबास्त्रोच्या डोंगरी किल्ल्यावरून बंडाला उभा राहिला. त्याच्यामागे नवमुस्लिम, ख्रिस्ती, असंतुष्ट बर्बर, सगळे. ८९९मध्ये तो परत ख्रिस्ती झाला आणि तिथंच त्याचं गणित चुकलं, निम्मे साथीदार गेले. तरी मरेपर्यंत तो कुणाच्या हाती लागला नाही. तो गेल्यावर दहाएक वर्षांनी, ९२८मध्ये, तिसऱ्या अब्दुर्रहमाननं किल्ला घेतला आणि त्याची कबर उकरायला लावली. प्रेत ख्रिस्ती पद्धतीनं पुरलेलं निघालं. ते कोर्दोबाला आणून वेशीवर खांबाला लटकवलं. पुढच्याच वर्षी अब्दुर्रहमाननं स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं.

बाकी लढायांची जंत्री देत नाही. जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तिथं कान धरावा.

---

झोपाळू बोका

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ज्वारी भारी. पण काका, फोटो कुठायत? फोटोशिवाय मेस्किता म्हणजे रश्शाशिवाय मिसळ.

---

सरळ रेषा

लेख चांगला आहे, पण 'सोन्याचं घरटं' या थापेला तुम्ही जरा हळू हातानं मारलंत. १०६६मध्ये ग्रानादात ज्यू वजिराला ठार करून जमावानं ज्यूंची कत्तल केली. बाराव्या शतकात मोरोक्कोतून अल्मोहाद हे कट्टर राज्यकर्ते आले तेव्हा मुसलमान व्हा, निघून जा, नाहीतर मरा, असा मामला होता. मायमोनिडीससारखा तत्त्वज्ञ कोर्दोबातच जन्मला, त्याच्या घरच्यांना गाव सोडावं लागलं. जिझिया भरायचा, नवं चर्च बांधायचं नाही, याला सहजीवन म्हणत असाल तर घरमालक-भाडेकरूलाही सहजीवनच म्हणा.

---

अर्धा कप

सरळ रेषा, मान्य. दुय्यम नागरिकत्व होतंच. फक्त मायमोनिडीसची गोष्ट पुढे न्या. घर सोडलेला हा ज्यू शेवटी कैरोत सलाहुद्दीनच्या दरबारी वैद्यकी करत होता. त्याच काळात पुष्कळ ज्यू उत्तरेला ख्रिस्ती राज्यांत गेले आणि तिथं त्यांचं स्वागत झालं. १४९२मध्ये त्याच राज्यांनी ज्यूंना हाकललं, तेव्हा बरेचजण तुर्की सुलतानाकडे गेले. आसरा कुठं आणि छळ कुठं, हे दर दोन-तीनशे वर्षांनी जागा बदलत गेलं.

आणि दडपण नसतानाही माणसं कशी सरकतात त्याचा एक मासला. ८५४च्या सुमारास कोर्दोबातला आल्वारो नावाचा ख्रिस्ती माणूस तक्रार करतो की आमची तरुण पोरं अरबी कविता डोक्यावर घेऊन नाचतात, अरबी पुस्तकांवर पैसे उधळतात, आणि हजारांत एकालाही धड लॅटिनमध्ये मित्राला पत्र लिहिता येत नाही.

---

उगाचच

आल्वारोकाका आमच्या सोसायटीत राहतात. परवाच्या मीटिंगमध्ये पोरांना पावकी-निमकी येत नाही म्हणून अर्धा तास बोलले. त्यांचा नातू इंटरनॅशनल शाळेत आहे.

---

सरळ रेषा

@उगाचच, हसून सोडू नका. त्याच आल्वारोच्या मित्रमंडळींतून कोर्दोबाचे हुतात्मे निघाले. ८५० ते ८५९ या काळात अठ्ठेचाळीस ख्रिस्त्यांची मुंडकी उडाली.

---

तिठा

धाग्यावर उशिरा पोचलो, पेपर तपासणी चालू होती.

हुतात्म्यांबद्दल: बरेचसे स्वतः काझीसमोर उभे राहून पैगंबरांची निंदा करत होते. शिक्षा ठाऊक असताना. तिथले बिशप त्यांना थांबा म्हणून विनवत होते, कारण बाकीच्या ख्रिस्त्यांना त्याच गावात राहायचं होतं. काहीजण मिश्र घरांतले होते, बाप मुसलमान, आई ख्रिस्ती, म्हणून त्यांच्यावर धर्मत्यागाचा खटला. अर्धा कप यांचा 'मधली माणसं' हा मुद्दा तिथंही लागू पडतो.

आता पैसा. धाग्यात तो अजून आलाच नाही. १०३१मध्ये खिलाफत कोसळली आणि तिचे वीस-पंचवीस तुकडे झाले, त्यांना ताइफा म्हणतात. उत्तरेचे ख्रिस्ती राजे या तुकड्यांना चेपून दरसाल सोनं वसूल करायचे. स्पॅनिश शब्द 'पारियास'. आपल्या भाषेत सरळ चौथाई. आम्ही तुम्हाला लुटणार नाही आणि दुसऱ्यानं लुटलं तर मदतीला येऊ, त्याचे पैसे द्या. कास्तीलच्या सहाव्या आल्फोन्सोनं या सोन्यातला वाटा दरवर्षी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाला दिला. तिथं तेव्हाचं युरोपातलं सगळ्यांत मोठं चर्च उभं राहिलं, त्याला मुसलमान राजांची खंडणी कामी आली.

आणि एल सिद! स्पेनचा राष्ट्रीय वीर. 'सिद' म्हणजे अरबी 'सय्यद', मालक. स्वतःच्या राजाशी बिनसल्यावर कैक वर्षं सारागोसाच्या मुसलमान राजाच्या पदरी होता आणि त्याच्या वतीनं ख्रिस्त्यांशीही लढला. १०९४मध्ये वालेन्सिया घेतलं ते कुठल्या राजासाठी नव्हे, स्वतःसाठी.

उलट बाजूही तशीच. १२४८मध्ये फर्नांदोनं सेव्हिया घेतलं, तेव्हा त्याच्या बाजूनं ग्रानादाच्या मुसलमान राजाचे घोडेस्वार होते. फर्नांदो सेव्हियाच्या कॅथेड्रलमध्ये पुरलाय. त्याच्या थडग्यावरचा लेख लॅटिन, कास्तीलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे.

---

सरळ रेषा

म्हणजे तिठासर, धर्माचा काही संबंधच नव्हता, सगळा खंडणीचा धंदा? मग पोपनं पापक्षालनाची पत्रं कशाला वाटली?

---

तिठा

संबंध नव्हता असं मी म्हटलं नाही, शब्द घालू नका तोंडात. :)

संबंध होता, पण त्याची धार कमीजास्त होत राहिली, आणि ती बरेचदा बाहेरून लावली गेली. १०६४च्या बार्बास्त्रोच्या स्वारीला पोपचा आशीर्वाद होता आणि पिरिनीज ओलांडून फ्रेंच सरदार आले होते. त्यांना ना अरबी यायचं, ना इथल्या चालीरीती ठाऊक. दुसरीकडे १०८५ला तोलेदो पडल्यावर घाबरलेल्या ताइफा राजांनी सहारातून अल्मोराविदांना बोलावलं. सेव्हियाचा राजा अल्-मुअतमिद कवी माणूस. त्याला सल्लागारांनी सांगितलं, हे वाळवंटी लोक घर गिळतील. तो म्हणाला म्हणतात, कास्तीलमध्ये डुकरं राखण्यापेक्षा आफ्रिकेत उंट हाकलेन. अल्मोराविदांनी १०८६मध्ये आल्फोन्सोला धूळ चारली, आणि पाच वर्षांनी या कवीराजाचं राज्य घेऊन त्याला मोरोक्कोत अघमातला कैदेत टाकलं. तिथंच मेला. उंट मिळाले की नाही, कल्पना नाही.

दोन्हीकडे बाहेरून आलेल्यांना इथले लोक मिळमिळीत वाटायचे, ही तक्रार सारखी दिसते.

---

झोपाळू बोका

सर, तुमचा तास आम्हाला कॉलेजात का नव्हता!

---

पोळपाट

मी दोन वर्षं ग्रानादात राहिले आहे, नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे. थोडं स्वयंपाकघरातून लिहिते.

आम्ही शाकाहारी. तिथं शाकाहारी असणं म्हणजे परीक्षा. पालकाची भाजी मागवली तर वर हॅमचे तुकडे, वाटाण्यात हॅम, सूपमध्ये हॅम. 'मांस नको' म्हटलं तर वेटर म्हणायचा, मांस नाहीये, हॅम आहे फक्त! आमच्या घरमालकीणबाईंना एकदा विचारलं, तुम्ही सगळ्यात डुक्कर का घालता? त्या हसून म्हणाल्या, आमच्या पूर्वजांना शेजाऱ्यांना दाखवायचं होतं ना.

मला तेव्हा विनोद वाटला. नंतर वाचलं. नोव्हेंबर १४९१चा ग्रानादाचा तह फार उदार होता. मशिदी तुमच्या, काझी तुमचे, कायदा तुमचा, धर्म बदलायची सक्ती नाही. २ जानेवारी १४९२ला ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल यानं शहराच्या किल्ल्या ख्रिस्ती राजाराणीला दिल्या. आठ वर्षंसुद्धा तो तह टिकला नाही. १४९९मध्ये आर्चबिशप सिस्नेरोस आला, घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले, बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाची पुस्तकं तेवढी बाजूला काढली. (तो चौक आता फुलवाल्यांचा. आम्ही तिथं चुरोस खायचो.) लोक उठले, बंड मोडलं, आणि १५०२मध्ये कास्तीलभर हुकूम: ख्रिस्ती व्हा नाहीतर चालते व्हा. राहिले त्यांना 'मोरिस्को' म्हणायला लागले.

मग इन्क्विझिशनला, म्हणजे पाखंड हुडकणाऱ्या धर्मन्यायालयाला, काम मिळालं. आणि पुरावा कुठं शोधायचा? तर स्वयंपाकघरात. डुकराच्या चरबीऐवजी तेलात शिजवतात का? जमिनीवर बसून जेवतात का? कुसकुस खातात का? शुक्रवारी आंघोळ करून धुतलेले कपडे घालतात का? ज्यू पूर्वजांच्या लोकांसाठी शनिवार: धुराड्यातून धूर निघत नाही, म्हणजे चूल पेटवली नाही. हे सगळं कोण कळवणार? शेजारीण. मोलकरीण. कधी सूनसुद्धा. १५६७मध्ये अरबी बोलणं, अरबी नावं, पोशाख, हमाम सगळ्यावर बंदी आली, आणि पुढच्या वर्षी आल्पुहार्रासच्या डोंगरांत पुन्हा बंड.

माझं सासर गोव्याचं. १७३६च्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या फर्मानात बाटलेल्या हिंदूंना काय काय बंद केलं होतं, पाहा: दारात तुळस नको, लग्नात विडे-सुपाऱ्या नकोत, धोतर-चोळी नको, आणि बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. भातात मीठ घालतेस की नाही, यावरून बाईचा धर्म ओळखायचा. ग्रानादात तेल आणि चरबी, गोव्यात मीठ. हत्यार तेच, तिखटमीठ वेगळं.

---

उगाचच

पोळपाटताई, स्वतंत्र धागा काढा. विनंती नाही, हुकूम समजा.

---

खरं_तेच_बोलणार

सगळे गोलगोल बोलताय. आज जगात काय चाललंय ते बघा आणि मग सांगा कोण कुणाला

[प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. धागा इतिहासाचा आहे. आजच्या पक्षीय राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, तिथं जावं. – संपादक]

---

रेवदंड्याचा

वाचनमात्र होतो, पण गोव्याचं नाव निघालं म्हणून उठलो.

आमच्या गावात पोर्तुगीज कोटाचे बुरूज आहेत, खाडीपलीकडे कोर्लई. लहानपणी वाटायचं, हे फिरंगी व्यापारी, मिरी घ्यायला आले आणि जाता जाता किल्ले बांधले. नंतर कळलं, ते इकडे निघाले तेच अर्धा कप यांचा धागा हातात धरून. पोर्तुगालनं स्वतःचा दक्षिण भाग मुसलमानांकडून घेतला, तिथं जमीन संपली, मग १४१५मध्ये समुद्र ओलांडून मोरोक्कोतलं सेउता घेतलं आणि तसेच आफ्रिकेच्या कडेकडेनं उतरत राहिले. १४५५मध्ये पोपनं त्यांना मुसलमान आणि इतर 'अश्रद्ध' यांचे प्रदेश जिंकायचा, माणसं गुलाम करायचा अधिकार लिहून दिला. शिडांवरचा लाल क्रूस लष्करी धर्मसंघाचा.

१४९८मध्ये वास्को द गामाची माणसं कालिकतला उतरली तेव्हा किनाऱ्यावर पहिलं कोण भेटावं? ट्युनिसचे दोन मुसलमान, चांगलं स्पॅनिश बोलणारे. पहिलं वाक्य, 'सैतान घेऊन जावो तुम्हाला, इथं कसे कडमडलात?' उत्तर मिळालं, 'ख्रिस्ती आणि मसाले शोधत आलो.' अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आले, तर शेजारीच दारात उभा!

पुढे १५०८मध्ये आमच्या चौलच्या खाडीत मिसरच्या सुलतानाचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची जहाजं यांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु मारला. बापानं पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. ख्रिस्ती व्हेनिसची सहानुभूती यात कुणाकडे? मिसरकडे. मिऱ्याचा त्यांचा सगळा व्यापार अलेक्झांड्रियातून चालायचा.

गोव्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला बोलावणारा तिमोजा हिंदू, होनावरकडचा. २५ नोव्हेंबर १५१०ला शहर आदिलशहाकडून पुन्हा घेतल्यावर आल्बुकर्कनं मुसलमानांची कत्तल केली. सहा हजार मारले असं त्यानं स्वतः राजाला कळवलंय. हिंदूंना मात्र हात लावला नाही, उलट कर कमी केले. त्या वेळी त्याच्या डोक्यात शत्रू म्हणजे मूर, स्पेन-मोरोक्कोतला तोच मुसलमान. हिंदूंची देवळं पाडणं तीस वर्षांनी सुरू झालं. याच आल्बुकर्कनं मदिनेतून पैगंबरांचे अवशेष पळवून आणायचा आणि नाईल नदी वळवून मिसर सुकवायचा बेतही आखला होता. नाईल वळवायला मडेइराहून खडक फोडणारे मागवणार होता म्हणे.

१५७०-७१ला आदिलशहानं गोव्याला, निजामशहानं चौलला वेढा घातला आणि कालिकतचा हिंदू राजा सामुरीही त्यांच्या बाजूनं उतरला. १६००मध्ये तोच सामुरी पोर्तुगिजांच्या बाजूला! आपल्याच मुसलमान आरमारप्रमुखाला, कुंजालीला, त्यानं त्यांच्या हवाली केलं. त्याला गोव्यात नेऊन मारलं.

अवांतर: कोर्लईत अजूनही पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली क्रिस्ती बोली बोलतात. मी शाळेत होतो तेव्हा तिथली पोरं भांडायला लागली की आम्हाला शिव्या कळायच्या नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

---

सरळ रेषा

रेवदंडेकर, दंडवत. माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण सामुरीनं दोन्ही बाजू खेळल्या हे ठाऊक नव्हतं.

---

रेवदंड्याचा

अर्धा कप यांना एक नाव द्यायचं राहिलं. गार्सिया द ओर्ता. आईबाप स्पेनमधले ज्यू, १४९२ला हाकलले म्हणून पोर्तुगालात आले आणि १४९७ला तिथं सक्तीनं ख्रिस्ती झाले. हा १५३४मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जायचा, तिथल्या अरब हकिमांशी औषधांवर वाद घालायचा. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्यानं मिळालं होतं. हो, आपली मुंबई. १५६३मध्ये गोव्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला. त्यात पटकीला 'मोर्देशी' म्हटलंय, म्हणजे आपली मोडशी.

१५६०ला गोव्यात इन्क्विझिशन आलं ते आधी याच 'नव्या ख्रिस्त्यां'साठी, हिंदूंकडे नंतर वळलं. ओर्ता १५६८मध्ये अंथरुणात मेला. पुढच्या वर्षी बहीण कातारिनाला जाळलं. आणि १५८०मध्ये, छुपा ज्यू होता असं ठरवून, त्याची हाडं कबरीतून उकरून काढून जाळली.

---

अर्धा कप

रेवदंडेकर, दुपारपासून तीनदा वाचला तुमचा प्रतिसाद. बिन हफ्सून ९२८, ओर्ता १५८०. ओर्ताचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी दादरला जन्मलोय.

पोळपाटताईंच्या मोरिस्कोंचा शेवट राहिलाय, तो लिहितो. १५०४मध्ये ओरानच्या मुफ्तीनं या बाटलेल्यांना गुपचूप फतवा पाठवला होता: नमाज नुसत्या खुणेनं पढलात तरी चालेल, पाणी नसेल तर हात भिंतीला घासा, डुक्कर खायला लावलं तर खा, मनातून नाकारा. तीन-चार पिढ्यांत बहुतेकांचं अरबी गेलं. मग ते स्पॅनिशच लिहीत, पण अरबी लिपीत. १८८४मध्ये आरागोनमधल्या अल्मोनासिद दे ला सिएरा गावी जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा ढीग सापडला. (आपल्याकडे फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या मराठी ओव्या १६१६ला रोमन लिपीत छापल्या, त्याची आठवण झाली. लिपी एकाची, भाषा दुसऱ्याची.)

१६०९ ते १६१४ मध्ये सुमारे ३ लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं. बाप्तिस्मा घेऊन शंभर वर्षं झालेली माणसं. वालेन्सियाच्या ख्रिस्ती जमीनदारांनी विरोध केला, कारण त्यांची शेती हेच कसत होते. 'ज्याच्याकडे मूर, त्याच्याकडे सोनं' अशी म्हणच होती तिकडे. बोटीत बसून उत्तर आफ्रिकेत उतरले, तर तिथं त्यांना स्पॅनिश बोलणारे परके, अर्धेमुर्धे ख्रिस्ती समजून काही ठिकाणी लुटलं. ट्युनिसियात मात्र त्यांनी तेस्तूर हे गाव वसवलं. तिथल्या मशिदीच्या मिनाराला घड्याळ आहे, आणि त्याचे काटे उलटे फिरतात. का, याची प्रत्येक गाइड वेगळी गोष्ट सांगतो म्हणे. पुढच्या खेपेला लेकीला तिकीट काढायला सांगितलंय.

मेस्किताबद्दल एक राहिलं. २००६मध्ये चर्चनं ती इमारत मालमत्ता म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली. नोंदणीचा खर्च ३० युरो. आमची दोन तिकिटं आणि वर थोडी चिल्लर. मुसलमानांना आत नमाज पढता येत नाही, सुरक्षारक्षक लक्ष ठेवून असतात. मी मिहराबसमोर चप्पल काढायला सवयीनं वाकलो, तर एकजण लगबगीनं जवळ आला. बायकोनं खुणेनं सांगितलं, काही नाही, बुटात खडा गेलाय.

---

झोपाळू बोका

मोडशी झाली की आजी ओव्याचा अर्क पाजायची. ओर्तानं त्यावर काय औषध लिहिलंय, कुणी सांगेल का?

आणि काका, फोटो!

---

अर्धा कप

फोटो लेकीच्या फोनमध्ये आहेत. ती रविवारी फोन करते.